ब्रेकबाई आणि उंच नाकाची गाडी

ब्रेकबाई,

तुमच्यावर लिहायला बसले आहे. परवानगी मागत नाही, कारण तुम्ही ती देणार नाही, आणि नकार ऐकत बसायला या वयात मला वेळ नाही. जे घडलं ते थोडं तुम्ही मला जिन्यात सांगितलंत, थोडं तुमच्या सुनेनं स्वयंपाकघरात, आणि उरलेलं तुमच्या मुलानं माझ्या चष्म्याची काडी घट्ट करता करता. तिघांचं जिथं जुळत नाही तिथं तुमचं खरं धरलं आहे. शेजार आहे, रोज तोंड दाखवायचं असतं. मी स्वतः मध्ये मध्ये येणार नाही. शेवटी येईन, कारण तिथं माझी चूक आहे.

तर ब्रेकबाईंनी एकतीस वर्षं लोकांना गाडी शिकवली, आणि ती सगळी वर्षं ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर काढली. शिकवायच्या गाडीत त्या सीटपुढेही एक ब्रेक बसवलेला असतो. शिकणाऱ्यानं घोळ घातला की शिकवणाऱ्यानं तो दाबायचा. बाईंचा पाय या दुसऱ्या ब्रेकवर इतका तयार झाला होता, की मांजर रस्त्यात येणार हे मांजराला ठरवायला वेळ लागे, बाईंना नाही. म्हणून ब्रेकबाई. आधी लोक पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि पुढे बाईच फोन उचलून सांगायला लागल्या, "हां, ब्रेकबाई बोलतेय." एकतीस वर्षांत त्यांच्या छोट्या पांढऱ्या गाडीला साधा ओरखडाही पडला नाही. ओळख झाल्यापासून पाचव्या मिनिटाला त्या हे सांगत.

शिस्त कडक. शिकायला आलेला माणूस कारखान्याचा मॅनेजर का असेना, त्यानं आधी गाडीभोवती एक फेरी मारायची, चारी टायर बघायचे, वाकून गाडीखाली बघायचं. मग सीटवर बसायचं. उंची कमी पडली तर बाईंची चौकडीच्या कापडाची उशी बुडाखाली घ्यायची. आणि मग बादली. डिकीतून लाल प्लास्टिकची बादली काढून बाई ती गाडीच्या नाकाला चिकटवून ठेवत आणि विचारत, "दिसते?" अर्थातच दिसत नसे. मग बादली एकेक पाऊल पुढे सरकवत जायची, आणि शिकणारा "दिसली" म्हणेल तिथं थांबायचं.

"एवढ्या जागेत तू आंधळा आहेस," बाई सांगत. "यात लहान मूल बसतं. हे आधी डोक्यात ठेव, गियर-बियर मग."

पांढऱ्या गाडीत बादली पाचव्या पावलावर दिसे.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप पुकारला आणि बाईंनी शाळा बंद केली. छतावरची पाटी उतरवली, पण गाडी ठेवली आणि दोन्ही ब्रेकही तसेच राहू दिले. दर रविवारी त्या खाली उतरायच्या, कव्हर काढायच्या, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायच्या, काचा पुसायच्या आणि पुन्हा कव्हर घालायच्या.

"तान्हं बाळ आहे ते आईंचं," सून नवऱ्याला हळूच म्हणे. "रविवारी अंघोळ असते."

ही सून घरात सगळ्यात शांत. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. गेल्या महिन्यात लॅबनं तिला विचारलं, सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचं काम घेशील का. पगार बरा, दुपारी घरी. अट एकच, गाडी स्वतः चालवता आली पाहिजे. तिच्याकडे लायसन्स होतं. सासूच्याच हाताखाली शिकून, दोनदा नापास होऊन, तिसऱ्यांदा मिळवलेलं. पण लायसन्स पर्समध्ये आणि पर्स बसमध्ये, अशी चार वर्षं गेली होती. सासूच्या गाडीत बसलं की तिचे तळहात ओले व्हायचे. लॅबला पहिल्या तारखेपर्यंत हो-नाही कळवायचं होतं, नाहीतर काम दुसरीला जाणार होतं.

मुलगा चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढतो. त्यानं तोडगा काढला. नवी, क्लच नसलेली, उंच बांध्याची गाडी घ्यायची. ती छोटी एसयूव्ही म्हणतात तसली. बायकोला चालवायला सोपी, आईला वाकून आत शिरायला नको. फक्त पांढरी गाडी बदल्यात द्यायची. ती आईच्या नावावर, म्हणजे कागदावर सही आईची हवी.

"आधी चालवून बघते," बाई म्हणाल्या. "पटली तर सही. नाही पटली तर माझी गाडी जागची हलणार नाही, आणि तुमचं तुम्ही बघा."

म्हणून एका मंगळवारी तिघं शोरूमला गेली. मुलाच्या शर्टाच्या खिशात तो कागद घडी करून ठेवलेला होता, आणि बाईंच्या हातात लाल बादली होती.

"आई, बादली कशाला आता?"

"तू दुकानात तो अक्षरांचा तक्ता कशाला लावतोस?"

बाईंना शिसारी आली ती दारातच. गाड्यांच्या दुकानाला रबराचा, ग्रीसचा, गेलाबाजार पेट्रोलचा तरी वास असावा. इथं अत्तर मारलं होतं. फरशी इतकी चकचकीत की पाऊल टाकायच्या आधी आपलंच तोंड खाली दिसावं. मधोमध गोल फिरणाऱ्या चौथऱ्यावर एक गाडी उभी होती आणि आपली पाठ, आपली कूस, आपलं पोट सगळ्यांना सावकाश दाखवत होती. बाईंनी नजर वळवली.

सेल्समन चाळिशीचा होता आणि त्याचा टाय इतका घट्ट, की बोलताना मानेची शीर त्या टायशी भांडायची. मनातल्या मनात बाईंनी त्याचं नाव टायवाला ठेवून टाकलं.

"या मॅडम. ही आपली नवी गाडी म्हणजे नुसती गाडी नाही, एक अनुभव आहे."

"अनुभव माझ्याकडे आहे," बाई म्हणाल्या. "चालवायची कुठली ते दाखवा."

चालवायची गाडी मागच्या अंगणात होती. बारीक केलेले डोळे, आवळलेला जबडा. बाई तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हिला कुणी काय बोललंय का?"

"कुणाला मॅडम?"

"हिला. केवढी चिडलीय."

टायवाल्याला हसावं की नाही कळेना. त्यानं मुलाकडे बघितलं. मुलगा मोबाइलकडे बघत होता.

मग फेरी. नाकाखाली चंदेरी पत्रा होता. दगड-खडक लागू नयेत म्हणून आहे मॅडम, असं टायवाला म्हणेपर्यंत बाईंनी बोटाच्या पेरानं त्यावर टकटक केली होती. प्लास्टिक, वरून चांदीचा रंग. मागे धुराची दोन रुंद नळकांडी होती. गुडघा नको म्हणत असताना बाई वाकल्या आणि एका नळकांड्यात बोट घातलं. पहिल्या पेराशीच बोट अडलं. आत भोक नव्हतंच. खरी नळी आत, एका कोपऱ्यात, जमिनीकडे तोंड करून बसली होती, आपलं कुणी बघू नये अशी.

"खोटी आहेत ही."

"डिझाइनचा भाग आहे मॅडम."

"दात पडले की कवळी लावतात, ते मला कळतं," बाई बोट पदराला पुसत म्हणाल्या. "दात असताना वरून कवळी कशाला?"

सून तोंड फिरवून हसली. बाईंनी तिला तशीच ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, सीट होईल तेवढी वर करायला लावली, आणि बादली गाडीच्या नाकाशी ठेवली. फाटकावरचा वॉचमन काम सोडून बघायला आला.

"दिसते?"

"नाही आई."

एक, दोन, तीन. पाचव्या पावलाला बाई थांबल्या. "आता?"

"नाही."

"मॅडम, त्याची गरजच नाही," टायवाला पुढे झाला. "कॅमेरा आहे. चारही बाजूंनी."

"दाखवा."

पडद्यावर आधी कंपनीचं चिन्ह फिरत आलं. मग एक सूचना आली, त्याखाली 'मान्य आहे' असं बटण. ते दाबल्यावर बादली आली. ती पसरट आणि वाकडी दिसत होती.

"ही बादली आहे की परात?"

"वाइड अँगल असतो मॅडम."

"आणि भिंगाला चिखल लागला की?"

"पुसून घ्यायचा."

"कुणी? बादलीनं?"

वॉचमन मोठ्यानं हसला आणि टायवाल्याची नजर लागताच फाटकाकडे चालू लागला. बादली शेवटी नवव्या पावलावर दिसली, तीही नुसती कड. बाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलगा अजून मोबाइलमध्येच होता, आणि त्या मोबाइलात बघण्यासारखं काही नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं.

मग बाई चालवायला बसल्या. आत शिरताना गुडघा कुरकुरला नाही, याचा त्यांना सगळ्यात जास्त राग आला. टायवाला शेजारी मांडीवर टॅब्लेट घेऊन बसला, मुलगा आणि सून मागे. किल्ली नव्हती, बटण होतं. बटण दाबल्यावर कुणी कशाचं तरी उद्घाटन करावं तशी धून वाजली. वारा कमी करायचा तरी पडद्यावर बोट ठेवावं लागे, आणि ते बोट योग्य जागी पडायला रस्त्यावरची नजर काढावी लागे. स्टिअरिंग दुधात चमचा फिरवावा तसं फिरत होतं. चाकाखाली काय आहे, खडी की डांबर की कुणाचा पाय, हाताला काही म्हणजे काही कळत नव्हतं. मागची काच खिडकीला लावलेल्या चिंधीएवढी. आणि आतल्या दारांना निळा उजेड.

"हा उजेड कशाला?"

"मूड लायटिंग, मॅडम. मनःस्थितीप्रमाणे रंग बदलतो."

"मग तो आत्ता लाल व्हायला हवा होता."

टायवाल्यानं वाट सांगितली. पुढून डावीकडे, मग डावीकडे, मग डावीकडे, मग डावीकडे, की आपण परत शोरूम. चढ नाही, रिव्हर्स नाही, गर्दी नाही. बागेतल्या गोल फिरणाऱ्या घोड्यावर बसवून त्याला रपेट म्हणावं तसला प्रकार. पहिल्या सिग्नलला दिवा लाल झाला, त्यांनी वेग कमी केला, आणि डावा पाय आपणहून क्लच शोधायला निघाला. क्लच नव्हता. तिथं रुंद ब्रेक होता. पायानं तो तळापर्यंत दाबला.

गाडी जागच्या जागी थिजली. टॅब्लेट उडून काचेवर आपटला, टायवाला पट्ट्यात लटकला, मागून तीन हॉर्न वाजले. पडद्यावर वाफाळत्या कपाचं चित्र आलं आणि एक लाडिक बाई म्हणाली, "तुम्ही थकलेल्या वाटता. थोडी विश्रांती घ्या."

"मी थकलेली नाही," ब्रेकबाई पडद्याला म्हणाल्या.

कुणीही हसलं नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या पायाखाली गाडी चुकीची थांबली होती, आणि मागच्या सीटवर मुलगा-सून बसलेली होती. बाईंनी रीतसर दिवा दाखवून गाडी कडेला घेतली. गाडीचा आला नव्हता इतका वीट त्यांना त्या क्षणी स्वतःच्या डाव्या पायाचा आला होता.

"माणसाचा एक पाय कापून ठेवलाय हिनं," त्या म्हणाल्या. मग मुलाला, "कागद खिशातच राहू दे."

सून खिडकीबाहेर बघत होती. पहिली तारीख चार दिवसांवर होती.

बाईंनी दार उघडलं. "पण चालवायची तिला आहे. तिला न बसवता नाही म्हणणं बरोबर नाही. ये गं, बस इथं. आणि तुम्ही मागे."

"मॅडम, नियमाप्रमाणे पुढे मलाच..."

"एकतीस वर्षं पुढे मी बसलेय. मागे."

टायवाला मागे गेला. सुनेनं आधी खाली उतरून गाडीभोवती फेरी मारली, वाकून खाली बघितलं आणि मग बसली. बाई तिच्या शेजारी.

"डावीकडे," टायवाला म्हणाला.

"सरळ," बाई म्हणाल्या. "हॉस्पिटलमागच्या चढानं."

चढ अरुंद, दोन्ही कडांना वाहनं उभी. सून सावकाश चालली होती. बाईंचा उजवा पाय आपल्या जागी होता, म्हणजे जिथं दुसरा ब्रेक असतो तिथं, आणि तिथं नवाकोरा गालिचा होता. एका उभ्या टेम्पोच्या आडून अचानक हातगाडी आली, वर खुर्च्यांची उतरंड, मागे ढकलणारा माणूस दिसतही नव्हता. बाईंनी ब्रेक दाबला. दोनदा दाबला, सगळ्या ताकदीनं. त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला आणि टाच गालिच्यावर आपटली.

गाडी त्याच्या आधीच थांबली होती. हिसका नाही, आवाज नाही. खुर्च्या हलत-डुलत समोरून गेल्या. ढकलणाऱ्यानं वळूनही बघितलं नाही.

"बघितलंत मॅडम?" मागून टायवाला खुलला. "हा आपला आपोआप लागणारा ब्रेक. समोर काही आलं की गाडी स्वतःच थांबते."

"मी दाबला," सून म्हणाली.

"नाही मॅडम, सेन्सर असतात, ते आधीच..."

"मी दाबला." त्या घरात सुनेला एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना कुणी ऐकलं नव्हतं.

बाईंनी खाली पाहिलं. सुनेचा पाय अजून ब्रेकवर होता. नीट, टाच टेकलेली, शिकवली होती तशी.

"तुला दिसली कधी हातगाडी?"

"चाक दिसलं. टेम्पोच्या खालून." मग थोडं थांबून, "गाडीखाली बघायचं, तुम्हीच सांगता ना. तुम्हाला कधी दिसली?"

"बाहेर आल्यावर," बाई म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही.

मागून हॉर्न वाजला. सुनेनं गाडी काढली आणि चढावर डोळे ठेवूनच बोलली. "तुमच्या गाडीत मी एकदाही ब्रेक दाबला नाही, आई. मी पाय उचलेपर्यंत गाडी थांबलेली असायची. मला वाटायचं, मला जमतच नाही."

"म्हणजे माझ्यामुळे तू नापास झालीस?"

"नापास माझी मी झाले. पण परीक्षेला तुम्ही शेजारी नव्हतात ना."

मुलगा म्हणाला, "अगं, आईसमोर काय..."

"तू गप रे," बाई म्हणाल्या. "नंबर काढ तू लोकांचे."

परतीच्या वाटेवर त्या मनातल्या मनात मोजत बसल्या. हजारभर माणसं बसली असतील त्यांच्या शेजारी. किती जणांनी त्या गाडीत स्वतःच्या पायानं ब्रेक लावला, आठवायचा प्रयत्न त्यांनी केला. चेहरे आठवत होते, पत्ते आठवत होते, कोण किती घाबरट तेही आठवत होतं. पाय एकाचाही आठवेना. ओरखडा न पडलेली गाडी डोळ्यांसमोर आली आणि तिचीही शिसारी आली.

शोरूमच्या चकचकीत फरशीवरून त्या एका पायात चप्पल आणि एक हातात अशा चालत गेल्या, काउंटरवर चप्पल ठेवली आणि मुलापुढे हात केला.

"दे तो कागद."

सही करता करता त्या टायवाल्याला म्हणाल्या, "गाडी भिकार आहे तुमची. नाक नको तेवढं उंच, मागचं काही दिसत नाही, धुराडी खोटी, आणि ती आतली बाई फार बोलते. तिचं तोंड बंद करून द्या. आणि कॅमेऱ्यावर विसंबायचं नाही, नऊ पावलं, हे माझी सून लक्षात ठेवील."

"एवढं सगळं म्हणता, तरी घेताय मॅडम," टायवाला जरा दुखावून म्हणाला. "मग आवडलं काय?"

"शेजारच्या सीटपुढे काही नाही," बाई म्हणाल्या, आणि चप्पल उचलली.

तर ब्रेकबाई, इथपर्यंत तुमचं. आता माझं.

त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या दारात आलात. शनिवारी शोरूमवाले पांढरी गाडी घेऊन जाणार होते. त्याआधी तो दुसरा ब्रेक काढून टाकायचा होता, ज्यानं बसवला त्याच फिटरकडून, बस डेपोच्या मागे. तुम्ही म्हणालात, तो ब्रेक आणखी कुणाच्या पायाखाली जायला नको. मी म्हटलं, मग जा की. तुम्ही म्हणालात, "चालवायची तुम्ही, शेजारीणबाई. मी मागच्या सीटवर बसणार."

बावन्नाव्या वर्षी मी तुमच्याकडे शिकले. लायसन्स अजून कपाटात आहे, कडक आणि कोरं. तुम्ही शेजारी नसताना मी एकदाही चालवली नाही, आणि तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं की त्या दिवशी हजार जणांत शोधताना सापडलं, ते मी विचारलं नाही.

बुधवारी माझं डोकं दुखत होतं. गुरुवारी बँकेत काम निघालं. शुक्रवारी तुम्ही किल्ली आणि ती चौकडीची उशी घेऊन आलात. मी उशी घेतली आणि दारातूनच सांगितलं, आज पाहुणे यायचेत. पाहुणे कुणी आले नाहीत. जिना एकच आहे, तेव्हा ते तुम्हालाही कळलंच असणार.

तुमची सून आता सकाळी सहाला निघते. खिडकीतून मला दिसतं, गाडीभोवती फेरी मारते, वाकून खाली बघते. पांढरी गाडी शनिवारी साडेदहाला गेली, दोन्ही ब्रेकांसकट. उशी माझ्याकडेच आहे.